रिक्वेस्टच नाही, मग लिंकला डोमेन कुठलं?

पतसंस्थेच्या सभासदाला ‘ठेवीची मुदत संपत आली’ असा मेल रात्रीच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामातून) जातो. ब्राउझरच्या रिक्वेस्टमध्ये डोमेन लिहिलेलंच असतं. क्रॉनला ते आधी सांगून ठेवावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे जास्त अडतं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं, तरी जुन्या स्पेलिंगची बरीच डोमेनं तशीच चालू आहेत. शिवाय मराठी आणि कन्नड पानांना वेगवेगळी सबडोमेनं (डोमेनच्या आधी जोडलेली नावं) द्यायची, तर एका साइटची तीन-चार नावं होतात.

जँगो या पायथॉनमध्ये साइट बनवायच्या चौकटीने यावर सरळ तोडगा काढला: डोमेन डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवायचं. ते भरायला विसरलं की मेलमध्ये एक्झाम्पल डॉट कॉम जातं, एवढंच.

फ्लास्क या तशाच दुसऱ्या चौकटीची गोष्ट लांबली. २०१० मध्ये तो आला तेव्हा लिंक बनवणारं यूआरएल_फॉर हे फंक्शन चालायला रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट, म्हणजे चालू रिक्वेस्टची माहिती, लागायचीच. म्हणून लोक खोटी रिक्वेस्ट उभी करून लिंका बनवत. २०१२ च्या ०.९ आवृत्तीत ॲप कॉन्टेक्स्ट (रिक्वेस्ट नसतानाही मिळणारी ॲपची माहिती) आला आणि रिक्वेस्टशिवाय पूर्ण यूआरएल मिळू लागली, पण कॉन्फिगमध्ये सर्व्हर_नेम भरलं असेल तरच. नसेल तर येणारा एरर तेच भरायला सुचवायचा.

खरा घोळ इथे झाला. सर्व्हर_नेम ही सेटिंग सबडोमेन ओळखण्यासाठी आधीपासून होती. तिच्याच गळ्यात लिंका बनवण्याचं काम बांधलं. त्यामुळे मेलसाठी एक नाव भरलं की दुसऱ्या नावाने किंवा नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून येणाऱ्याला थेट ४०४ (‘पान सापडलं नाही’). रूट (पानाचा मार्ग) बरोबर, कोड बरोबर, आणि पान मात्र नाही. एररचा सल्ला ऐकणाऱ्यालाच हा फटका बसायचा. सुरक्षेसाठी ते बरंच होतं, असं म्हणणारे आहेत. होस्ट हेडर, म्हणजे रिक्वेस्टमध्ये लिहिलेलं डोमेन, खोटा घालता येतो, हे खरंच. पण दारावरच्या राखणदाराचं काम पत्ता लिहिणाऱ्याकडे कशाला?

२०१८ च्या १.० मध्ये सबडोमेन जुळवणं वेगळं मागावं लागू लागलं, तरी अडवणूक राहिलीच. ती सुटली २०२४ च्या ३.१ मध्ये: सर्व्हर_नेम आता येणाऱ्या रिक्वेस्टना अडवत नाही, आणि कुठले होस्ट चालतील ते सांगायला ट्रस्टेड_होस्ट्स ही निराळी सेटिंग आली. म्हणजे एक साधी फोड व्हायला बारा वर्षं लागली. जुन्या आवृत्तीवर पिन केलेल्या साइट्सवर ४०४ अजूनही भेटतो.

लिंकचा एचटीटीपीएसही क्रॉनला आपोआप कळत नाही. प्रिफर्ड_यूआरएल_स्कीम भरली नाही तर साधं एचटीटीपीच जातं. आणि भाषा सबडोमेनमध्ये असेल, तर सभासद मराठी की कन्नड हे सांगायला तिथे रिक्वेस्ट नसते. त्याच्या खात्यातून भाषा उचलून यूआरएल_फॉरला हातानेच द्यावी लागते.