राउटर-संगणकाचा बिघाडशोध

लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा युनिक्स-कुळातील प्रणालीवर चालणाऱ्या साध्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवली की त्याच्याकडून राउटरचे काम घेता येते. एका कार्डावर बाहेरची इंटरनेट लाइन येते, दुसऱ्यावरून स्विचमार्गे ऑफिसचे पीसी जोडले जातात. कोल्हापुरातील उद्यमनगर किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कोपऱ्यातला जुना पीसीही हे काम नीट करू शकतो. तो अडला की तक्रार एकच येते : ‘नेट गेलं.’ कारणे मात्र अनेक असतात. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) कुठवर पोचते आणि नेमके कुठे अडते, हे पाहणे म्हणजे बिघाडशोध.

सर्वांत फसवा प्रकार लाइट जाऊन आल्यावर दिसतो. राउटरवर बसून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग केले (‘आहेस का?’ अशी छोटी विचारणा पाठवली) तर उत्तर येते, पण ऑफिसातल्या एकाही पीसीवर नेट नसते. लाइन चालू असल्याने इंटरनेट कंपनीला फोन करून काही हाती लागत नाही. एका कार्डावर आलेले पॅकेट दुसऱ्याकडे सोडण्याची मुभा लिनक्समध्ये मुळात बंद, म्हणजे ० असते. ती हाताने १ केली तरी नोंद फक्त मेमरीत राहते. सिसीटीएलच्या (अशा सेटिंग्ज साठवणाऱ्या) फाइलीत लिहिली नसेल, तर यूपीएसची बॅटरी संपताक्षणी ती पुसली जाते. फायरवॉलचे (कोणते पॅकेट सोडायचे, कोणते अडवायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेचे) न साठवलेले नियमही असेच जातात. त्यामुळे महिनोन्महिने बिनतक्रार चाललेला राउटर पहिल्याच वळवाच्या पावसात बसतो. अशा वेळी पुन्हा रिस्टार्ट मारण्याचा काहीच उपयोग नाही.

मुभा १ असूनही अडत असेल, तर टीसीपीडम्प (कार्डावरून येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्रॅम) दोन्ही कार्डांवर लावावा. १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेल्या या साधनाला आजही तोड नाही. आतल्या कार्डावर १९२.१६८.१.२५ वरून निघालेले पॅकेट दिसते. बाहेरच्या कार्डावर त्याच पॅकेटवर राउटरचा बाहेरचा पत्ता दिसायला हवा. तिथेही १९२.१६८.१.२५ च दिसला, तर नॅटचा (आतल्या पत्त्याऐवजी राउटरचा बाहेरचा पत्ता लावण्याचा) नियम लागलेला नाही. हा खासगी पत्ता असल्याने इंटरनेटवरून त्याला उत्तर येत नाही. बाहेरच्या कार्डावर पॅकेट दिसलेच नाही, तर फायरवॉल तपासावी. पॅकेट योग्य पत्त्याने बाहेर पडते आणि उत्तर येत नाही, तेव्हा मात्र कंपनीला फोन करावा.

पिंग चालते पण काही संकेतस्थळे अर्धवट उघडून लटकतात, हे पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडल्या जाणाऱ्या) लाइनवरचे दुखणे. इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी ८ बाइट पीपीपीओई खाते, उरतात १४९२. त्याहून मोठी पॅकेटे वाटेतच गळतात. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटात भरायच्या माहितीची कमाल मर्यादा) १४५२ वर आणला की पाने धडाधड उघडतात. आकडी पत्त्याला पिंग होते आणि नावाला होत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा.

विजेच्या झटक्याने कार्ड जळून नवे टाकले, तर त्याचे नाव पाहावे. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत कार्डाचे नाव त्याच्या स्लॉटवरून ठरते. स्लॉट बदलला की नाव बदलते, आणि फायरवॉलचे नियम जळालेल्या कार्डाच्याच नावाने लिहिलेले राहतात.