संकेतस्थळ-शिष्टाचार (वैयक्तिक)

स्वतःच्या नावाने व खर्चाने वेबसाइट चालवणाऱ्याने वाचकांशी, इतर स्थळचालकांशी आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो त्या माणसांशी कसे वागावे, याचे बहुतांशी अलिखित संकेत. इंटरनेटवरील वागणुकीचा एक जुना लेखी मसुदा ऑक्टोबर 1995 मध्ये आरएफसी या इंटरनेटविषयक दस्तऐवजांच्या मालिकेत 1855 या क्रमांकाने निघाला, पण त्याचा भर ईमेल आणि गटचर्चेवर होता. ग्रामीण विदर्भात हे संकेत समजावायला वेगळी परिभाषा लागत नाही. धुरा (शेताचा बांध), पांदण (शेतांमधली सर्वांची वाट) आणि विहीर यांचे नियम ज्याला ठाऊक आहेत, त्याला निम्मे आधीच कळलेले असते.

लिंक देणे म्हणजे पांदणीने जाणे. परवानगी लागत नाही. दुसऱ्याचे चित्र उतरवून न घेता त्याच्याच सर्व्हरवरून आपल्या पानात ओढणे मात्र परक्या विहिरीवर आपली मोटर बसवणे होय. चित्र तुमच्या पानावर दिसते, पण दर वाचकामागे डेटा त्याचा खर्ची पडतो. वैतागून त्याने त्याच नावाच्या फाइलीत भलतेच चित्र ठेवले, तर तक्रारीला जागा नाही.

‘साभार’ एवढे लिहिले की उचललेला मजकूर आपला होतो, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तसे होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये निवर्तले. गावोगावी रोज म्हटली जाणारी त्यांची भजनेही या हिशेबाने 2028 अखेरपर्यंत कायद्याच्या कक्षेत येतात. भुलाबाईची गाणी किंवा दंडार या विदर्भातल्या लोकनाट्याची पारंपरिक पदे कुणा एकाची नाहीत, म्हणून तिथे कायदा संपतो आणि शिष्टाचार सुरू होतो. गाणे सांगणाऱ्या आजीला विचारून तिचे नाव-गाव द्यावे. तिचे ‘मले’, ‘तुले’ पुस्तकी मराठीत ‘सुधारू’ नये. तो उपकार नव्हे, आगाऊपणा आहे.

फोटोंच्या बाबतीत होकार हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कर्जापायी घरचा माणूस गमावलेली बाई दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणत नाही. हा फोटो जगात कुणीही, कितीही वर्षे पाहू शकेल, हे तिला सांगितले होते का, हा खरा प्रश्न. तिने नंतर काढा म्हटले, तर कारण न विचारता काढावा. मोबाइलच्या फोटोत, लोकेशन सुरू असल्यास, जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ते पुसल्याशिवाय घराचा फोटो टाकू नये. मेळघाटातल्या रानपिंगळ्याच्या, म्हणजे एका दुर्मीळ घुबडाच्या, ढोलीचा तर मुळीच नाही. हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात असता 1997 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता.

पानावर तारीख नसणे हा एरवी आळस; शेतीविषयक पानावर तो अपराध ठरतो. दिवाळीतला कापसाचा भाव शिमग्यात ताजा समजून कुणी गाडी भरली, तर भाड्याचा भुर्दंड त्याचा. फवारणीचे त्याहून गंभीर. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा औषधांची मिसळ ‘आपल्या अनुभवावरून’ सुचवणाऱ्याने दहा वेळा विचार करावा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांची शिफारस उतरवून घेण्यापेक्षा तिथली लिंक द्यावी, कारण त्यांनी शिफारस बदलली की आपली नक्कल शिळी होते. स्वतःची चूक सापडली तर गुपचूप पुसू नये. जुने वाक्य खोडलेले दिसू द्यावे, शेजारी दुरुस्तीची तारीख टाकावी. कालच कुणीतरी ते वाचून पंप भरलेला असतो.

पान हलके ठेवणे हीही रीतच. टेकडीवर चढल्यावर रेंज मिळणाऱ्या गावात चार-चार एमबीचे फोटो उघडत नाहीत. लहान करून टाकावेत. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) टंकावा, त्याचे चित्र करून चिकटवू नये, नाहीतर शोधात तो सापडत नाही आणि अंध वाचकाचे यंत्र तो वाचत नाही. आपोआप वाजणारे गाणे नको, मग ते कितीही भक्तिभावाचे असो.

पानाचा पत्ता शक्यतो बदलू नये. बदललाच, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करावी. सर्व्हर ब्राउझरला देतो तो 301 हा संकेतांक त्यासाठीच आहे. स्थळ बंद करायचे असेल, तर काही आठवडे आधी पहिल्या पानावर तसे लिहावे आणि जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये प्रत जतन होऊ द्यावी. डोमेनचे, म्हणजे स्थळाच्या नोंदवलेल्या नावाचे, नूतनीकरण चुकले की सुटलेले नाव कुणीही विकत घेतो, आणि शाळेच्या पानावरून दिलेली लिंक जुगाराच्या जाहिरातीवर उघडू लागते. म्हणून ज्यांनी लिंक दिली त्यांना आधी कळवावे, आणि पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावे.