मुलांच्या हातापायांतला बायपास : पार्श्वभूमी

बायपास म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं, पण पायाचा बायपास त्याच्या आधीचा. जून १९४८मध्ये पॅरिसचे सर्जन जाँ कुनलँ यांनी मांडीतली तुंबलेली रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) तशीच ठेवली आणि रुग्णाच्याच पायातली लांब शीर (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) काढून तुंबल्या जागेच्या वर आणि खाली जोडली. शिरेतल्या झडपा रक्ताला अडवू नयेत म्हणून ती उलटी लावली. हे सारं मोठ्या माणसांसाठी होतं.

रक्तवाहिनी शिवायची रीत मात्र लिऑनच्या अलेक्सी कारेल यांची, १९०२ची. गोल तोंडावर सारख्या अंतरानं तीन टाके घेऊन ताणायचे, म्हणजे त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येतात. १९०८मध्ये न्यूयॉर्कला रक्तस्रावानं मरणाच्या दारी असलेल्या तान्ह्या मुलीच्या गुडघ्यामागच्या शिरेला त्यांनी, वडिलांचं रक्त तिला मिळावं म्हणून, त्यांच्या मनगटातली रोहिणी जोडली. मूल वाचलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ जखमी रोहिण्यांच्या नोंदींत शिवलेल्या फक्त ८१. बांधून टाकलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत अवयव कापावा लागला. कोरियाच्या युद्धात दुरुस्ती रुळली आणि हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. पण सैनिकाचा पाय वाढायचा थांबलेला असतो.

मुलांच्या रोहिणीला इजा होते ती बहुधा कोपराच्या वरचं हाड मोडून किंवा हृदयाच्या तपासणीसाठी जांघेतून नळी घातल्यावर. १९७४मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अशा तपासणीवेळी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं तर गुठळी होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८वर येतं. रोहिणी बंद झाली तरी मुलांचा पाय सहसा काळा पडत नाही, आजूबाजूच्या बारीक वाहिन्या त्याला जगवतात. मूल घरी जातं, खेळतं. काही वर्षांनी आईच्या लक्षात येतं, की एका पायाची चप्पल लहान लागते आणि चाल लंगडी आहे. जगण्यापुरतं रक्त वाढीला पुरत नाही.

म्हणून मुलांमध्ये बायपास केल्यावर ‘ग्राफ्ट (जोडलेली शीर) चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानणं मला अपुरं वाटतं. रोहिणी वाढताना जोड आवळू नये म्हणून तिथे सुटे टाके घालतात. मुलांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीला जोडलेल्या शिरा कालांतरानं फुगतात, हे सत्तरच्या दशकात मिशिगनच्या सर्जनांनी नोंदवलं. तोच धोका हातापायांतही धरावा लागतो. त्यामुळे डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) वर्षानुवर्षं करायचा आणि हाडांची वाढ पुरी होईपर्यंत दोन्ही पायांची लांबी मोजत राहायची.