मारहाण की 'हेतू अनिश्चित'? इजेच्या कोडमध्ये होणारी गल्लत

केसपेपरवर एकच ओळ असते : 'डाव्या हाताची अल्ना मधोमध मोडली, कठीण वस्तूचा मार.' अल्ना म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं हाड. त्याच्या मोडण्याचा कोड पटकन मिळतो. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार आणि इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, तो एस५२.२. खरी अडचण पुढे आहे, कारण एस आणि टी अक्षरांचे कोड इजा काय झाली एवढंच सांगतात. ती कशामुळे झाली हे सांगायला व्ही ते वाय या अक्षरांचे बाह्य कारणांचे कोड जोडावे लागतात आणि तिथे कोडरला, म्हणजे केसपेपर वाचून कोड लावणाऱ्याला, हेतू ठरवावा लागतो.

कठीण वस्तूच्या मारासाठी चार जागा आहेत. चुकून लागलं तर डब्ल्यू२२, स्वतःच स्वतःला इजा केली तर एक्स७९, दुसऱ्याने मारलं तर वाय००. हेतू ठरवता आला नाही तर वाय२९. जखम चारही वेळा सारखीच असू शकते. यातल्या शेवटच्या दोघांची सरमिसळ मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

मारहाणीचा गट एक्स८५ ते वाय०९. दुसऱ्या व्यक्तीने इजा करण्याच्या किंवा जीव घेण्याच्या हेतूने केलेली कोणतीही इजा यात येते : धारदार शस्त्राने केली तर एक्स९९, नुसत्या हातापायांनी केली तर वाय०४, साधन लिहिलेलंच नसेल तर वाय०९. पोलीस कारवाईतली इजा (वाय३५) आणि युद्धातली (वाय३६) मात्र या गटात धरत नाहीत. हा कोड लावायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. 'दिराने काठीने मारलं' असं रुग्णाने सांगितलं आणि डॉक्टरांनी ते इजेचं कारण म्हणून नोंदवलं, की कोडरचं काम वाय००. चौथा अंक जागेचा : घरात ०, रस्त्यावर ४. त्या शून्यामुळे घरातली मारहाण आकडेवारीत वेगळी दिसते, म्हणून तिथे सवयीने ९, म्हणजे 'जागा नमूद नाही', टाकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

'हेतू अनिश्चित'चा गट वाय१० ते वाय३४. नावावरून तो 'माहिती नाही'चा डबा वाटतो आणि तिथेच फसगत होते. हा गट मुळात अशा घटनांसाठी आहे, जिथे वैद्यकीय किंवा कायदेशीर अधिकाऱ्यांना हाताशी असलेल्या माहितीवरून अपघात, आत्मइजा आणि हल्ला यांत फरक करता आला नाही. उंचावरून पडलेला बेशुद्ध माणूस आणला गेला, पाहिलेलं कोणी नाही, आणि डॉक्टर स्पष्ट लिहितात की पडला, उडी मारली की ढकलला हे ठरवता येत नाही : हा वाय३०. कागद याबाबत गप्प असणं म्हणजे अनिश्चित हेतू नव्हे. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम मध्ये तर नियमच आहे की हेतू लिहिलेला नसेल तर अपघात धरायचा. ठरवता आला नाही असं नोंदीत म्हटलं असेल तरच 'अनिश्चित' वापरायचा. म्हणजे डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले नाहीत तर मारहाण झालेली बाई आकडेवारीत अपघातग्रस्त ठरते. मला हे फार लागतं.

त्याच अमेरिकी आवृत्तीत छळाच्या बाबतीत संशयालाही स्वतःची जागा आहे : खात्री झालेला छळ टी७४, संशयित छळ टी७६. 'संशय' आणि 'अनिश्चित' यांतलं अंतर त्यातून नीट कळतं. संशयात डॉक्टरांचं बोट एका दिशेला असतं, अनिश्चिततेत ते कुठेच नसतं.

आता त्या अल्नाकडे परत येऊ. डोक्यावर येणारा फटका हातावर झेलला, की नुसती अल्ना मोडते, हे हाडांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. कोडरच्याही मनात शंका येते. पण शंकेवर वाय०० लावता येत नाही. 'हेतू ठरत नाही' असं कोणी लिहिलेलं नाही, त्यामुळे वाय२९ही बसत नाही. अशा वेळी केसपेपर डॉक्टरांकडे परत पाठवायचा. प्रश्नही जपून विचारायचा. 'ही मारहाण आहे का?' असं विचारलं तर उत्तर आपणच सुचवल्यासारखं होतं. मी लिहिते : 'इजा कशी झाली, कोठे झाली आणि हेतूबद्दल आपलं मत काय, कृपया नोंदवावे.' उत्तर येईपर्यंत ती फाइल माझ्या टेबलावरच असते.