कवटी-छायाचित्र अध्यारोपण

अनोळखी मृताची कवटी आणि बेपत्ता व्यक्तीचे हयातीतील छायाचित्र एका मापावर व एका कोनात आणून, एकावर एक ठेवून ताडण्याची न्यायवैद्यकातील पद्धत. तपासयंत्रणांत ती ‘सुपरइम्पोझिशन’ म्हणूनच ओळखली जाते.

उगमाबद्दल एकमत नाही. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान वेल्कर यांनी १८८३ च्या सुमारास, कवी शिलर यांची म्हणून जपलेली कवटी त्यांच्या मृत्युमुखवट्याशी (मृत्यूनंतर चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्याशी) ताडली आणि ती त्यांची नसल्याचा निष्कर्ष काढला. २००८ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए तपासणीनेही तेच दाखवले. सतराव्या शतकातील इंग्रज राज्यकर्ता क्रॉमवेल याच्या मस्तकावरील पिअरसन व मोरंट या संशोधकांचा अभ्यास १९३४ चा. मात्र हे दोन्ही प्रयत्न इतिहासातील थोरांचे अवशेष ओळखण्यासाठी होते. गुन्हेतपासातील पद्धत म्हणून आरंभ रक्स्टन खटल्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफटजवळच्या घळीत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे गाठोड्यांत बांधलेले सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केलेले होते. संशयित डॉ. बक रक्स्टन हा मूळचा मुंबईचा पारशी, वैद्यकीही तेथेच शिकलेला. विवाह न होताही त्याची पत्नी म्हणून राहणारी इझाबेला हिच्या एका छायाचित्रात डोक्यावर रत्नजडित मुकुट होता. तोच मुकुट प्रत्यक्ष मोजून प्रा. जेम्स ब्रॅश यांनी छायाचित्राचे माप ठरवले. मग कवटीचे त्याच कोनातून चित्र घेऊन दोन्हींच्या बाह्यरेषा जुळवल्या. दुसऱ्या क्रमांकाची कवटी बसली, पहिली बसली नाही. पायांचे साचे बुटांत घालून पाहणे, बोटांचे ठसे, गाठोड्यांतील वृत्तपत्राची रक्स्टनच्या गावाकडची स्थानिक आवृत्ती असा इतर पुरावाही भक्कम होता, हे विसरता कामा नये. रक्स्टनला मे १९३६ मध्ये फाशी झाली.

भारतात तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ९ खाली असा पुरावा ग्राह्य धरल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६३ च्या निकालसंग्रहात आहे. तरी हा पुरावा पूरकच मानावा. दोन कवट्या एकाच छायाचित्रात बऱ्यापैकी बसू शकतात. ‘ही त्याची नव्हे’ हे या पद्धतीने जितक्या खात्रीने सांगता येते, तितक्या खात्रीने ‘ही त्याचीच’ असे सांगता येत नाही. मृतांची ओळख पटवण्याच्या इंटरपोलच्या मुख्य निकषांत बोटांचे ठसे, दात व डीएनए येतात, अध्यारोपण नाही.

नातेवाईकांकडून छायाचित्र मागताना ओळखपत्रावरील मिटल्या ओठांच्या फोटोपेक्षा लग्नसमारंभातला हसरा फोटो मागावा. पुढचे दात दिसले, तर ताडायला चेहऱ्यातला हाडासारखाच टिकाऊ भाग हाती येतो.