पहार, कटावणी आणि खिळ्याची जात

जुनं लाकूड सोडवायचं म्हटलं की मराठवाड्यात आधी पहार आठवते. पण माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरात उचकटायचं काम तसं कमीच. खांबांवर सर म्हणजे मोठ्या तुळया, सरांवर कड्या म्हणजे आडवे वासे, वर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सांधे खाच आणि कुसवाचे, म्हणजे एका लाकडाची कोरलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसणारे. माती उतरवली, लाकडी मेख ठोकून बाहेर काढली की कडी मोकळी व्हायची. पहारीनं तिला खाचेतून नुसतं उचलून द्यायचं. घर उतरवलं तरी सागवान शाबूत, दुसऱ्या गावात पुन्हा उभं करता येईल इतकं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, पण कित्येक घरांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सिमेंटच्या घरांत सर-कड्यांना जागा नव्हती.

खिळ्याची गोष्ट वेगळी. खिळा उपसायला चीर असलेले हातोडे रोमनांकडेही होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेचे खिळे यंत्रावर निघू लागले, स्वस्त झाले, आणि जिथे कुसू कोरायचा तिथे चार खिळे ठोकायची सवय लागली. मग कटावणीला, म्हणजे खिळे उपसायच्या वाकड्या टोकाच्या लोखंडी सळईला, काम मिळालं. (पेपरात मात्र ती बिचारी घरफोडीच्याच बातमीत येते.) हिशेब साध्या तरफेचा. तीन फुटी कटावणीचा टेकू टोकापासून दोन इंचांवर आला, तर हाताचा १० किलोचा जोर पलीकडे जवळपास १७० किलोचा होतो. टेकूखाली फळीचा तुकडा ठेवला नाही तर तोच जोर खालच्या लाकडात खड्डा पाडतो.

आता सोडवायला जुनं लाकूड येतं ते बहुतेक छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पॅलेटांतून, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींतून. दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्टबरोबर पॅलेट जगभर पसरलं. त्याचा खिळा पिळाचा किंवा कंगोऱ्यांचा असतो, माल हलला तरी सुटू नये म्हणून. नेमकं तेच आपल्याला नडतं. फळीच्या टोकाला कटावणी घालून दाबली की आधी करकर आवाज येतो, मग खिळ्यापासून उभी चीर जाते. खिळा जागचा हलत नाही. त्यापेक्षा फळी आणि ठोकळ्याच्या फटीत पाचर मारावी आणि खिळा करवतीच्या पात्यानं मधेच कापावा. मी तरी आता उपसायच्या फंदात पडत नाही.

निर्यातीच्या पॅलेटवरचा शिक्काही वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते ना पाळण्याला वापरावं, ना चुलीत घालावं.

कापलेल्या खिळ्याचा खुंट फळीतच राहतो. म्हणून रंधा लावण्याआधी सुतार फळीवरून लोहचुंबक फिरवतो. तो जिथे चिकटतो तिथे खडूनं फुली.