चूल न पेटवता केलेला लिंगोनचा जॅम

स्वीडनच्या पाइनच्या जंगलांत ऑगस्टअखेरीपासून वाटाण्याएवढी लालभडक लिंगोनची फळं पिकतात. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, ‘आलेमान्सरेत्तेन’ या सार्वजनिक हक्कामुळे ती कुणीही वेचू शकतं. नुसती खाल्ली तर आंबट आणि तुरट. पण साखरेत घोटली की मांसाच्या गोळ्यांपासून बटाट्याच्या धिरड्यांपर्यंत सगळ्यांसोबत चालतात. या घोटलेल्या फळांना ‘रोरॉर्दा लिंगोन’ म्हणतात, म्हणजे कच्चेच ढवळलेले लिंगोन.

एरवीचा जॅम दोन गोष्टींवर टिकतो. उकळीने जंतू मरतात आणि 60-65 टक्के साखर उरलेलं पाणी धरून ठेवते. इथे उकळी नाही आणि साखरही जेमतेम 35-40 टक्के. तरी तो टिकतो, कारण लिंगोनमध्येच बेंझॉइक आम्ल असतं, किलोमागे साधारण एक ग्रॅम. सरबताच्या बाटलीवर ‘आयएनएस 211’ असं जे लिहिलेलं असतं, ते याच आम्लाचं सोडियम क्षार.

हे आम्ल आंबट रसातच नीट काम करतं. सामू (पीएच, जितका कमी तितका रस आंबट) 3 असेल तर त्याचे सुमारे 94 टक्के रेणू विद्युतभाररहित राहतात आणि यीस्टच्या किंवा बुरशीच्या पेशीत सहज शिरतात. आत सामू जास्त असल्याने तिथे ते विघटित होतात, पेशी आंबट होते आणि ते आम्ल बाहेर ढकलण्यातच तिची शक्ती खर्ची पडते. वाढीला काही उरत नाही. सामू 6 असता तर असे रेणू 2 टक्केही राहिले नसते. लिंगोनचा रस मुळातच आंबट, त्यामुळे ही सोय आयती.

1 किलो फळं निवडून पानं, काड्या आणि हिरवे दाणे काढावेत. गार पाण्यात धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्यावीत. राहिलेलं पाणी आम्ल आणि साखर दोन्ही पातळ करतं. मग एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवावीत. सालीवर मेणाचा थर असतो, अख्ख्या फळातून साखर रस ओढू शकत नाही. बर्फाचे स्फटिक मात्र आतल्या पेशी फोडतात. फळांतला बर्फ वितळला की 450 ग्रॅम बारीक साखर घालून लाकडी चमच्याने साधारण निम्मी चेचावीत. मिक्सर नको, फेस धरतो आणि अख्ख्या दाण्यांची मजा जाते.

भांडं झाकून खोलीच्या तापमानाला ठेवावं, दर दोन-तीन तासांनी तळापासून ढवळावं. रात्रभरात साखर विरघळते. चमचा तळाला खरखरला तर अजून थांबावं. घाई केली की साखर खाली बसते, वरचा थर पातळ राहतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. बरण्या 100 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं तापवून, गार करून भराव्यात, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. साखर 300 ग्रॅमवर आणायची असेल तर फ्रीजरच बरा. ओला चमचा कधीच नको.

बुडबुडे आले, दारूसारखा वास आला तर बरणी टाकून द्यावी. काही यीस्ट या आम्लालाही दाद देत नाहीत आणि साखरेलाही नाही.

शिजवलेला प्रकारही आहे, ‘लिंगोनसिल्त’. 1 किलो फळं 200 मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गॅस बंद करून मग 500 ग्रॅम साखर. आधी घातली तर ती फळातलं पाणी ओढते आणि साली चिवट होतात. गरम असताना तो पातळच दिसतो. म्हणून लोक आणखी आटवतात आणि दुसऱ्या दिवशी बरणीत घट्ट गोळा सापडतो. लिंगोनमध्ये पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा फळातला घटक, भरपूर असतं, ते गार झाल्यावरच धरतं.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर कच्च्या घोटण्याची ही युक्ती चालणार नाही. तिच्यात बेंझॉइक आम्ल नगण्य, एवढ्याच साखरेत ती लवकर आंबते. क्रॅनबेरी मात्र लिंगोनच्याच कुळातली आणि तिच्यातही हे आम्ल असतं. साल जास्त जाड असल्याने ती निम्मी नव्हे, सगळीच चेचावी लागते.